अकरा ओळींच्या वरचं नाव

माझ्या आठवणींतलं हे प्रकरण गाळावं, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. बायको म्हणाली, त्याला इतकी वर्षं झाली, आता कुणाला आठवतंय. मुलगी माझ्याच व्यवसायात आहे. ती म्हणाली, बाबा, त्या काळी असं सगळेच करत असतील. दोघींचंही खरं असेल. पण मी ते लिहिणार आहे, आणि सौम्य करून लिहिणार नाही. मी एका माणसाचं नाव पुसलं. ज्या घरात नावावरून ताटं सरकवली गेली, त्याच घरात बसून पुसलं.

आमचं घर उस्मानपुऱ्यात होतं, भाड्याच्या तीन खोल्या. शेजारच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. सकाळी आठला तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची, आणि आईला ती थरथर इतकी सवयीची झाली होती की गिरणी बंद असली तर ती म्हणायची, घर कसं मेल्यासारखं वाटतंय. स्वयंपाकघरात येसराच्या आमटीचा वास कायम असायचा. आई वर्षाचं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, एकदाच करून ठेवायची, आणि घाईच्या दिवशी दोन चमचे येसर, उकळतं पाणी आणि वर लसणाची फोडणी एवढ्यावर आमचं जेवण व्हायचं. सोबत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बाबा विद्यापीठाच्या कचेरीत कारकून होते. त्यांचे आजोबा भिक्षुकी करत, वडील तहसिलीत लिहायला होते, आणि बाबांचं अक्षर असं होतं की लोक त्यांच्याकडून लग्नाच्या पत्रिकांवरची नावं घालून न्यायचे.

त्यांच्या खाटेखाली कागदांचे दोन गठ्ठे होते. विद्यापीठाचं नाव वाढवलं गेलं तेव्हा जुन्या नावाचे छापील कागद रद्दीत निघाले होते, ते बाबांनी घरी आणले. नंतर आमच्या घरात जे काही लिहिलं गेलं ते त्या कागदांवर. आईची किराणाची यादी, आत्याला पत्र, गिरणीवाल्यासाठी चिठ्ठी, सगळ्यांच्या माथ्यावर जुनं नाव. कोणी विचारलं तर बाबा म्हणत, चांगला कागद आहे, वाया का घालवायचा. पण ते कागदासाठी नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

नामांतराची चळवळ मी लहान असल्यापासून घरात होती, म्हणजे बाबांच्या विरोधाच्या रूपानं होती. बाहेर संचारबंदी लागायची, खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या, मोर्चे निघायचे, आणि आत बाबा म्हणायचे, नाव बदलून कोणाचं पोट भरणार आहे? मी दहावीत असताना एकदा ताटावरून उठलो. म्हणालो, पोट भरत नसेल तर द्या ना नाव, तुमचं काय जातं? बाबा म्हणाले, जेव आधी. मी जेवलो नाही. दोन दिवस शेजारच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. विरोधाच्या एका निवेदनावर बाबांनी सही केली होती. ते निवेदन मी त्यांच्या पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, ही सही तुमची? ते म्हणाले, माझीच. त्या दिवसापासून मी स्वतःला या घरातला सरळ माणूस समजायला लागलो. ती समजूत पुढची बरीच वर्षं टिकली.

मी इंजिनियर झालो आणि वाळूजला एका कारखान्यात लागलो. तेव्हा वाळूजकडे रोज नवी शेड उभी राहायची, शेतांच्या बांधावर कंपन्यांच्या पाट्या लागायच्या, आणि कालपर्यंत कापूस वेचणारी मुलं निळा गणवेश घालून बसच्या थांब्यावर उभी असायची. आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग निघायचे. आठ प्रेस होते. प्रत्येक प्रेसपासून एक तार संगणकात बसवलेल्या कार्डाला जात होती. एक भाग निघाला की प्रेसनं एक अक्षर पाठवायचं, संगणकानं मोजायचं. संगणकावर आम्ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणालाही उघडून बघता येणारी प्रणाली चढवली होती. तिचा गाभा म्हणजे कर्नल. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहून दोघांचं ऐकणारा भाग. त्यात चूक सापडली तर कोणीही दुरुस्ती करून पाठवावी, राखण करणाऱ्यांना पटली तर ती सगळ्यांसाठी आत घेतली जाते. मला ही पद्धत लई आवडली होती. इथं कोणी जात विचारत नाही, असं मी मित्रांना सांगायचो.

आमची मोजणी मात्र मध्येच मुकी व्हायची. प्रेस चालू, भाग निघतायत, आणि पडद्यावरचा आकडा जागच्या जागी. संगणक बंद करून चालू केला की पुन्हा सुरू. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, वायरिंग खराब आहे. त्यांनी हे सगळ्या शेडसमोर म्हटलं. वायरिंग भागिनाथ शिंगाडेनं केली होती.

भागिनाथ पिशोरचा. घरची मेंढरं, आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेला, माझ्याच वयाचा. मला पंडित म्हणायचा, मी कोडची पोथी वाचतो म्हणून. साहेब बोलून गेल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.

"पंडित, माझी तार नीट हाय."

"मी कुठं काय म्हणालो?"

"तू काय म्हणाला न्हाईस, तेच तर सांगतोय."

पुढचे दोन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन प्रेसजवळ बसला. वहीत काहीतरी टिपायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं वही माझ्यासमोर टाकली. आकडा थांबतो तेव्हा दर वेळी दोन प्रेस एकदम खाली आलेले असतात. एकटा प्रेस कितीही जोरात चालू दे, काही होत नाही.

"तुझं ते कर्नल मोजतं कसं, सांग बरं. सोपं सांग."

मी सांगितलं. कार्डाला आठ तोंडं आहेत, पण घंटा एकच. कोणतंही अक्षर आलं की घंटेचं बटण दाबलं जातं, कर्नल धावत येतं, एक ते आठ तोंडं बघतं, असेल ते उचलतं आणि आपल्या कामाला परत जातं.

"आन ते आठाला पोचेस्तवर एकानं परत दिलं तर?"

"तर बटण दाबलेलं राहील."

"मग घंटी वाजंल?"

वाजणार नव्हती. दाबलेलं बटण सुटून पुन्हा दाबलं गेलं तरच ती घंटा वाजते. ते सुटणारच नव्हतं. अक्षर तोंडाशी पडून, कर्नल झोपलेलं, घंटा मुकी. सगळा संगणक चालू, आणि आठही तोंडं कायमची बंद.

भागिनाथ हसला. "आमचा म्हातारा तुझ्या कर्नलला ठेवणार न्हाई कामावर. सांजच्याला कोकरं आयांना लावत्यात, माहिती का? मेंढरांच्या वाडग्यात कोकरं सोडायची आन फिरत बघायचं, कोण आयजवळ गेलं, कोण चुकलं. चुकल्याला धरून लावायचं. आता तू शेवटच्याजवळ जातोस तवर पयलं सुटून भलतीकडं गेलेलं असतंय. म्हणून एक फेरी मारून दाराची ताटी लावायची नाय. अख्खी फेरी झाली आन एका बी कोकराला हात लावावा लागला नाय, अशी फेरी झाली की मंग लाव ताटी आन जा जेवायला."

दुरुस्ती तेवढीच होती. अकरा ओळी. कर्नलनं आठही तोंडं बघायची, काही सापडलं तर पुन्हा पहिल्यापासून बघायचं, आणि रिकामी फेरी झाली तरच परतायचं. मी त्या अर्ध्या तासात लिहिल्या. आमची मोजणी त्यानंतर एकदाही थांबली नाही.

आता ती सगळ्यांसाठी पाठवायची होती. घरी माझ्याकडे जुना संगणक होता आणि टेलिफोनच्या तारेवर चालणारा मोडेम. गिरणीचा पट्टा सुरू झाला की विजेचा दाब पडायचा आणि जोडणी तुटायची. आई मग जाऊन गिरणीवाल्याला सांगून यायची, "भाऊ, श्रीकांतचं पत्र जाऊ द्या, मग दळा." आणि तो खरंच थांबायचा. दळण घेऊन आलेल्या बायका ओट्यावर बसून राहायच्या, आणि आत मोडेम किंचाळायचा.

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की तुमच्या पत्रात ओळी तुटून आल्यात, नीट पाठवा. तिसऱ्याला त्या भागाची राखण करणाऱ्या परदेशी गृहस्थानं लिहिलं, ही अडचण इथं कोणाला आलेली नाही, तुमचं कार्ड स्वस्तातलं दिसतं, तारा तपासून बघा.

मी ते भागिनाथला मराठीत सांगितलं. तो तारेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "इथला सायब तेच म्हंतो, तिथला सायब बी तेच म्हंतो. माझी तार कुणी बघितलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं वीतभर तारेचा तुकडा आणला आणि कार्डाची दोन तोंडं अशी जोडली की एकाच क्षणी दोन्हींकडं अक्षरं जातील. प्रेस नको, शेड नको, लांब वायरिंग तर नाहीच. दहा मिनिटांत जुनं कर्नल मुकं झालं. "हे त्याला लिव्ह," तो म्हणाला, "म्हणावं, एवढुशी तार तरी तुझ्या घरात नीट असंल का नाय?" मी जोडणीचं वर्णन लिहिलं, शेवटचं वाक्य जरा नरम करून तेही लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. त्यानं आपल्या टेबलावर तशीच जोडणी केली होती. त्यानं लिहिलं, तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. दुरुस्ती घेतो. फाइलीच्या माथ्यावर दुरुस्ती करणाऱ्यांची नावं लिहायची पद्धत आहे, ती कळवा.

मी शेडमध्ये जाऊन भागिनाथला सांगितलं. त्यानं पेचकस खिशात ठेवला आणि हात पुसले, जणू कोणी ओळख करून देणार होतं.

"नावासंगं काय लिव्हत्यात?"

"ई-मेलचा पत्ता."

"मला कुठला पत्ता? पिशोर लिव्ह. भागिनाथ शिंगाडे, पिशोर."

"लिहितो," मी म्हणालो. संध्याकाळी जेवताना आईबाबांनाही सांगितलं, दोन नावं जाणार आहेत, त्याचं आणि माझं. बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "छान."

रविवारची दुपार होती. गिरणी बंद होती. बाबा खाटेवर आडवे, आई बाहेर पापड उलटत होती. मी दोन ओळी लिहिल्या, वर माझं नाव, खाली त्याचं. माझ्यापुढं पत्ता होता, त्याच्यापुढं पिशोर. बघताना ते मला ओबडधोबड वाटलं. माझं एकट्याचं कसं दिसतं ते बघावं म्हणून मी खालची ओळ पुसली. बघितलं. ती ओळ मी परत लिहिली नाही. नंतर मी कितीतरी कारणं तयार केली. पत्ता नसलेलं नाव ते घेणार नाहीत, त्यांना प्रश्न पडतील, कोड तर मीच लिहिलाय. यातलं एकही कारण मी बोट उचललं तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. तेव्हा फक्त माझं नाव छान दिसत होतं.

नवी आवृत्ती आली त्या आठवड्यात भागिनाथ पहिल्यांदा आमच्या घरी आला. रुमालात गावाकडची ताजी अद्रक बांधून आणली होती. "काकू, च्यात टाका, घसा फाडंल अशी हाय." आईनं लगेच चहा टाकला. तो माझ्या खुर्चीवर बसला नाही, मागं उभा राहिला. मी फाइल उघडली. इंग्रजी तो अक्षर लावून वाचायचा. पडद्यावर बोट ठेवून त्यानं माथ्यापासून सुरुवात केली. परक्या देशांतली सहा-सात नावं ओलांडली. माझ्या नावाशी आला.

"ही ओळ तुझी. माझी खाली हाय का?"

मी म्हणालो, नाही.

त्यानं बोट तिथंच ठेवलं. खालच्या ओळीपासून कोड सुरू होत होता. आई चहा घेऊन आली. त्यानं कप घेतला, उभ्या उभ्या सावकाश पूर्ण प्यायला.

"पंडित," तो म्हणाला, "ताटी लई लवकर लावलीस तू."

मग आईला म्हणाला, "च्या झकास, काकू," आणि गेला. रुमाल तिथंच राहिला.

बाबा खाटेवर उठून बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. "दोन नावं जाणार होती ना?"

मी म्हणालो, तुम्ही तरी मला नावाबद्दल शिकवू नका.

"शिकवत नाही," ते म्हणाले. "मी नको म्हणालो ते चारचौघांत म्हणालो. सही केली. तू मला जाब विचारलास, मी उत्तर दिलं. तू मात्र गपचूप केलंस."

मी आजही सांगतो, बाबांचं चूक होतं. ज्यांनी त्या नावासाठी मार खाल्ला, घरं गमावली, त्यांच्यासमोर बाबांच्या उघडपणाची काहीच किंमत नाही, आणि मी ती त्यांना त्या दिवशीही दिली नाही. पण गपचूप केलं ते मीच, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. ते खुशीत होते. ग्राहकांना दाखवायच्या माहितीपत्रकात त्यांना माझं नाव टाकायचं होतं. मी म्हटलं, दोन नावं टाका. ते हसले. "अरे भाई, इंजिनियर के बाजू में इलेक्ट्रिशियन? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, मग माझंही नको. आणि वायरिंग खराब आहे असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ते चूक होतं, हेही सगळ्यांसमोर सांगा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फोन उचलला. चहाच्या सुट्टीत मी कॅन्टीनमधल्या बाकावर उभा राहिलो आणि सांगितलं. की तार नीट होती. की चूक भागिनाथनं शोधली. की मी त्याचं नाव पुसून माझं एकट्याचं पाठवलं. काहींना कळलं नाही, काही खाली बघून चहा पीत राहिले. भागिनाथनं मान वर केली नाही. महिनाभरानं तो नोकरी सोडून पिशोरला गेला, विजेच्या पंपांच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान टाकायला. जाताना मला भेटला नाही.

त्या परदेशी गृहस्थाला मी एका ओळीची दुरुस्ती पाठवली. त्यानं लिहिलं, केवळ नावासाठी बदल घेत नाही. मी पुन्हा पाठवली. त्यानं लिहिलं, पत्ता नसलेलं नाव आम्ही लिहीत नाही. मी लिहिलं, या माणसाला पत्ता नाही, गाव आहे. पुन्हा नकार. मग मी ते पत्र सगळ्यांना जाणाऱ्या ई-मेलच्या यादीवर टाकलं, जिथं हजारो अनोळखी लोक वाचतात, आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलं की ही चोरी आहे, ती मी केली, आणि तुमचा नियम आता ती सांभाळतो आहे. कोणीतरी टोमणा मारला, कोणीतरी लिहिलं, वेळ वाया घालवू नका. मी पाठवत राहिलो. आई गिरणी थांबवत राहिली. बायका ओट्यावर बसून विचारायच्या, कसलं पत्र आहे एवढं? आई म्हणायची, "चुकलंय त्याचं, दुरुस्त करतोय." नवव्या पत्राला एका शब्दाचं उत्तर आलं. घेतलं.

मुलीनं परवा मला दाखवलं की ती फाइलच आता कर्नलमधून काढून टाकली आहे. तसली कार्डं कोणी वापरत नाही. पण जुन्या आवृत्त्या जशाच्या तशा जपलेल्या आहेत. एकीत माझं एकट्याचं नाव, पुढचीत दोघांची. मुलगी म्हणाली, पहिली कोण बघणार आहे बाबा? मी म्हटलं, मी.

दुरुस्ती लागली तेव्हा मी त्या पानाचा छापा काढला आणि एसटीनं पिशोरला गेलो. भागिनाथचं दुकान बंद होतं. शेजारच्यानं शिवारातली वाट दाखवली. ऊन कलत होतं. तो वडिलांबरोबर, त्याच्या त्या म्हाताऱ्याबरोबर, वाडग्यात होता, एका कोकराला मानेशी धरून. मला बघून थांबला नाही. कोकरू आईच्या कासेला लावलं, हात धोतराच्या सोग्याला पुसणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाला, "आबा, ह्यो पंडित." म्हातारा मान हलवून पाणी आणायला गेला.

मी छापा दिला. त्यानं बोट ठेवून वाचलं, आपल्या ओळीपर्यंत आला, ती दोनदा वाचली.

"पिशोर बराबर लिव्हलंय," तो म्हणाला. "आन आधीचं? तुझं एकट्याचं?"

"ते पण आहे. ते निघत नाही."

"मंग ऱ्हाऊ दे. दोनी ऱ्हाऊ दे."

कागदाची घडी करून त्यानं खिशात घातली. मला वाटलं, आता तो काही बोलेल. तो म्हणाला, "आलास तर फीर माझ्यासंगं. तू डाव्या अंगानं बघ." आम्ही फिरलो. माझ्या बाजूला तीन कोकरं चुकली होती, मी धरली, त्यातल्या एकानं माझ्या पँटवर मुतलं, म्हातारा लांबून हसला. पुन्हा फिरलो, एक निघालं. तिसऱ्या फेरीत मला काही दिसलं नाही. सगळीकडं दूध पिण्याचा चुटचुट आवाज होता. मी ताटीला हात घातला.

"थांब," भागिनाथ म्हणाला. "माझ्याकडं एक निघालं. अजून एक फेरी."